तीन नंबरची खिडकी

आमच्या घराची बेल वाजली की दार लगेच उघडत नाही. आधी माझे सासरे, शामसुंदर गायधनी, दाराच्या भिंगाला डोळा लावतात आणि मग विचारतात, "कोण?" कुरिअरवाला असेल तर "कोणाचं?", "कुठून आलंय?" आणि "नंबर सांगा" हे तीन प्रश्न आणखी होतात. मागच्या दिवाळीत माझा सख्खा भाऊ फराळाचा डबा घेऊन दारात उभा होता, तर त्यालाही त्यांनी "कोणाकडे जायचंय?" म्हणून विचारलं. भाऊ ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नकार्यात रंगवून सांगतो. मी हसते. दुसरं काय करणार?

बाबा परराष्ट्र खात्यात होते. हे ऐकलं की लोकांना बंद गळ्याचा कोट आणि झेंडा लावलेली गाडी दिसायला लागते. तसलं काही नव्हतं. ते कारकून म्हणून लागले, साहाय्यक म्हणून निवृत्त झाले, आणि मधल्या चौतीस वर्षांत चार देशांतल्या दूतावासांत खिडकीमागे बसले. शेवटची नेमणूक आखातातल्या एका देशात होती. कुठल्या, ते मी लिहीत नाही. बाबांना कळलं तर म्हणतील, "कशाला हवंय लोकांना?"

तिथे ते तीन नंबरच्या खिडकीवर होते. पहिल्या दोन खिडक्यांवर पासपोर्टचं नूतनीकरण, शिक्के, सह्या, असली सुखाची कामं. तीन नंबरवर अडलेली माणसं येत. कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलेला, कुणाचा भाऊ साइटवर पडून गेलेला आणि त्याला घरी पाठवायचे कागद हवेत, कुणाला फक्त घरी जाण्यापुरता एकेरी प्रवासाचा कागद हवा. सकाळी सातलाच बाहेर रांग लागे. आत जाड काच आणि बोलायला एक गोल जाळी. ती जाळी कुणा शहाण्याने इतकी खाली बसवली होती की माणसाला वाकूनच बोलावं लागे. "मला दिवसभर नुसते भांग दिसायचे," असं बाबा गमतीने सांगत. आम्ही जेवताना हे पुष्कळदा ऐकलंय.

त्या रांगेत दुसऱ्याच देशांची माणसंही भारतीय म्हणून कागद मागायला येत, हे खरं होतं. त्यांना हेरणं हे बाबांचं काम, आणि बाबा ते डोळ्यांत तेल घालून करत. "इतक्या वर्षांत माझ्या खिडकीतून एकही खोटा माणूस पुढे गेला नाही," हे त्यांचं वाक्य मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. खोट्यांच्या हिशेबात किती खरे अडकले असतील, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

गंमत म्हणजे या घराण्याचा पिढीजात धंदा ओळख पटवण्याचाच. बाबांचे आजोबा नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्ये होते. यजमान आला की ते नाव, वडिलांचं नाव आणि गाव विचारायचे, लाल फडक्यातली वही सोडायचे आणि त्या माणसाला त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवायचे. लोक तिथेच ढसाढसा रडायचे म्हणे. नातवानेही जन्मभर तेच तीन प्रश्न विचारले. त्याच्या खिडकीपुढचे लोक रडले असतील तर निराळ्या कारणाने.

सासूबाईंना, म्हणजे इंदिराबाईंना, या स्वभावाचं आता काही वाटत नाही. "माझी पत्रिकासुद्धा यांनी दोन ठिकाणी तपासून घेतली होती," त्या म्हणतात, "दुसरा ज्योतिषी नको म्हणाला असता तर सुटले असते."

दीड वर्षापूर्वी गणपतीनंतर आमच्या गोजराबाईंनी काम सोडलं आणि जाताना मीनाला आणून उभी केली. तिशीची, काळीसावळी, बारीक अंगाची, कमी बोलणारी. नवरा बांधकामावर, सासर पेठ तालुक्यात, राहायला पेठ रोडला खोली. बाबांनी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि आधार कार्ड, फोटो, पोलीस ठाण्याचा अर्ज, सगळं मागून घेतलं. तिने पिशवीतून सगळे कागद काढून ओळीने मांडले. बाबांनी चष्मा पुसून तासभर ते पाहिले.

"सगळं चोख आहे," मी म्हटलं.

"फारच चोख आहे," बाबा म्हणाले.

संशय आला की बाबा माणसाला अहो-जाहो करायला लागतात. गोजराबाईंना ते कायम "ए गोजरा" म्हणत आले. मीना मात्र पहिल्या दिवसापासून "मीनाबाई, तुम्ही". तेव्हाच ओळखायला हवं होतं.

काम तिचं लख्ख होतं. वेळेवर यायची, भांड्यांचा आवाज करायची नाही, फोनवर बोलत बसायची नाही. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. मी द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मयुरेश, माझा नवरा, सातपूरला कंपनीत. दिवसभर घरात हे दोघे म्हातारे, त्यामुळे बाई चांगली मिळणं म्हणजे काय ते नोकरी करणारीलाच कळेल. पण रोज संध्याकाळी मी घरी आले की बाबा मला बाल्कनीत बोलावून खालच्या आवाजात अहवाल देत.

"ती प्रश्न विचारत नाही," पहिला अहवाल.

"बरंय की."

"नव्या घरात आलेला माणूस प्रश्न विचारतो. हे कुठे ठेवू, ते कुठे आहे. ही विचारत नाही. नुसती बघते."

मग बाबांच्या लक्षात आलं की ती हॉलमधला एक फोटो जास्त वेळ पुसते. दूतावासाच्या पायऱ्यांवर सगळ्या कर्मचाऱ्यांचा काढलेला तो फोटो, त्यात बाबा दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथे. "दत्ताच्या तसबिरीला दोन फटके आणि माझ्या फोटोला पाच मिनिटं," बाबा म्हणाले. मग त्यांच्या टेबलाचा वरचा खण बोटभर उघडा सापडला. त्या खणात त्यांचं जुनं ओळखपत्र आणि सेवेची कागदपत्रं असतात. मग खण कुणी उघडला तर कळावं म्हणून त्यांनी फटीत एक केस चिकटवून ठेवला. हे मी बनवून सांगत नाही. स्वतःच्या डोक्यावरचा, तोही त्यांच्याकडे मोजकेच उरलेत त्यातला.

"बाबा, ती तुमच्या पेन्शनच्या कागदांचं काय लोणचं घालणार आहे?" मी चिडून म्हटलं. मला खरंच राग यायचा. गरीब बाई मान खाली घालून राबते, आणि हा माणूस तिला गुन्हेगारासारखं वागवतो, याची लाज वाटायची.

मग एका गुरुवारी माझे दुपारचे दोन पेशंट आले नाहीत, म्हणून मी लवकर घरी आले. किल्लीने दार उघडलं. आई-बाबा आत झोपलेले. मीना हॉलमध्ये, फडकं खांद्यावर, आणि मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढत होती. मला बघून ती दचकली, मोबाइल कमरेला खोचला आणि स्वयंपाकघरात गेली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती अशी. मी तिला काही विचारलं नाही. खोलीत गेले आणि दार लावून आधी कपाट उघडलं. बांगड्या जागेवर होत्या. मंगळसूत्र गळ्यातच होतं. तरी मी आईंच्या कुड्यांची डबीही पाहिली. वर्षभर ज्या बाईची बाजू घेऊन भांडले तिच्यावर संशय घ्यायला मला एक मिनिटही लागलं नाही. संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. काम आटोपल्यावर बाबांनी मीनाला जेवणाच्या टेबलाशी बसायला सांगितलं. स्वतः समोर बसले, चष्मा लावला आणि कोरा कागद पुढ्यात घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी सोफ्याच्या कडेला.

"मीनाबाई, खोटं बोलू नका. तुम्ही या घरात कशासाठी आलात?"

"कामाला, साहेब."

"गोजराबाईंनी तुम्हाला आणलं?"

"नाय. मीच गोजराबाईला शोधलं. मग ती घेऊन आली."

आई पुढे सरकल्या. बाबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"माझा फोटो कुणाला पाठवलात?"

"भावाला."

"भाऊ काय करतो?"

मीनाने पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, आता मी इचारते. तुमच्या खिडकीचा नंबर तीन होता ना?"

बाबांचं पेन थांबलं.

"माझा भाऊ रावजी भोये. तुमच्यासमोर आला व्हता. दोन वरीस होऊन गेलं. मुकादम पासपोर्ट घेऊन पळाला, कंपनी बंद पडली. तो म्हटला, साहेब, मला घरी जाऊ द्या, मी नाशिक जिल्ह्याचा. तुम्ही म्हटलं, मी पण नाशिकचा, पंचवटीतला गायधनी, मला शिकवू नका. मग तुम्ही त्याला इचारलं, सीबीएस स्टँडवर उतरलं तर रामकुंडावर कसं जायचं, ते सांगा. द्वारकेच्या चौकात किती रस्ते मिळतात, ते सांगा. त्याला नाय आलं सांगता."

मी रोज द्वारकेवरून जाते. तिथे किती रस्ते मिळतात ते मलाही सांगता आलं नसतं.

"नाशिकचा माणूस आणि रामकुंड ठाऊक नाही?" बाबा म्हणाले. आवाज चढला होता. "तेव्हाही मी हेच म्हटलं. आणि त्याच्या नावाने आमच्या नोंदीत काही सापडलं नाही. खोटं बोलत होता तो."

"नोंद कशी सापडंल? एजंटानं गुजरातचा पत्ता घालून कागद केले. आमचा पाडा सुरगाण्याच्या पार टोकाला हाय, साहेब. आमचा बाजार धरमपूरला. दवाखाना तिकडं, मजुरी तिकडं. नाशिक शंभर किलोमीटर. रावजीनं नाशिक पाह्यलंच नाय कधी. विमानात बसला तोपण मुंबईवरनं." तिने पदराने तोंड पुसलं. "तो लपून राहतो एका गोदामात. पोलीस दिसला की पळतो. दोनदा परत गेला खिडकीवर. नवा साहेब कंप्युटरमध्ये बघतो, तुम्ही लिवलेलं वाचतो आणि म्हणतो, जा. तुम्ही लिवलं ते तुम्हीच खोडू शकता, असं तिथल्या एकानं सांगितलं. रावजीला तुमचं नाव आन् पंचवटी एवढंच म्हाईत व्हतं. म्हणून मी गायधनी शोधत फिरले. पंचवटीत बारा घरं निघाली, त्यात परदेशात नोकरी केलेले तुम्हीच. आल्या आल्या लांबनं फोटो काढून पाठवला तवा तो म्हटला, हाच वाटतो; काल जवळनं नीट काढला तवा म्हटला, हाच साहेब."

म्हणजे बाबा तिचे कागद तपासत होते, तेव्हा ती बाबांची ओळख पटवत होती.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस गं?" आईंनी विचारलं.

"आजी, साहेब दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात. मी म्हटलं, आधी इस्वास बसू दे. एकदा नाय म्हटलं की मग कुणाकडं जाऊ? पण वरीस झालं, इस्वास काय बसंना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुझं माहेर कुठलं. कुठल्याही बाईला कुठलीही बाई पहिल्यांदा हेच विचारते. बाबांनी कागद विचारले आणि मी कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या ते सांगितलं.

बाबा उठून खोलीत गेले. दार लागलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कामावर यायचं असेल तर या. बाकीचं मी बघतो म्हणालेलो नाही."

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मीना येत राहिली. बाबा तिच्याकडे बघायचे टाळत आणि मला बाल्कनीत बोलावून म्हणत, "कशावरून तिचा भाऊ आहे? कशावरून तो तिथेच आहे? नाव-गाव कुणीही पाठ करतं." मी एकदा तोंड सोडलं. म्हटलं, "बाबा, एका शेऱ्यासाठी माणूस दोन वर्षं गोदामात लपलाय, आणि तुम्हाला स्वतःचं अक्षर खोडायचा कमीपणा वाटतोय." ते आत निघून गेले. शेरा काय होता ते मला आईंनी नंतर सांगितलं. बाबा झोपेत बडबडताना त्यांना तो ऐकू आला होता: स्थानिक माहिती देऊ शकला नाही, दावा संशयास्पद, प्रकरण पुढे पाठवू नये.

एका शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन उभे राहिले. "गाडी काढ. त्या पाड्यावर जायचंय. तिलाही येऊ दे."

मला भरून आलं. मी म्हटलं, "बरं केलंत बाबा."

"बरं कसलं? जागेवर गेलं की खोटं पाच मिनिटांत उघडं पडतं," ते म्हणाले.

गाडी मी चालवली. दिंडोरी, वणी, मग घाट. सुरगाणा मागे पडल्यावर रस्त्यावरच्या पाट्यांवर नावांखाली गुजरातीही दिसायला लागली. भाताची कापणी झाली होती, अंगणांमध्ये नागलीची कणसं वाळत होती. बाबा खिडकीतून बघत होते. चार देश पाहिलेला हा माणूस स्वतःच्या जिल्ह्याच्या या टोकाला कधी आलेला नव्हता. ते तसं म्हणाले नाहीत, पण एका वळणावर त्यांनी मीनाला विचारलं, "हे अजून नाशिकच का?" ती म्हणाली, "व्हय साहेब. अजून लय पुढं."

पाड्यावर पोचल्यावर बाबा आधी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी जुनं दाखल-खारिज रजिस्टर काढून दिलं. रावजी पुंजाराम भोये, जन्मतारीख, चौथीपर्यंत शिक्षण. बाबांनी पान उजेडाला धरून पाहिलं, शाई जुनी आहे का ते. मग पोलीस पाटील, मग अंगणवाडीची बाई, मग दोन शेजारी, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मी म्हटलं, "झालं ना समाधान?"

"सगळ्यांचं उत्तर एकसारखं आहे. पढवलेलं असू शकतं."

मी गाडीची किल्ली मुठीत आवळली. सासरे नसते तर काय बोलले असते कोण जाणे.

शेवटी मीनाच्या माहेरी गेलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी. बाप पुंजाराम कधीच वारलेला. आई साळूबाई खाटेवर बसली होती. मीनाने तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, तशी ती धडपडत उठली. बाबांसाठी गोधडी अंथरली, कोरा चहा आणला. बाबांनी फाइल उघडून पेन काढलं. त्यांच्या कागदावर तिच्यासाठी सात प्रश्न लिहिलेले होते, ते मी गाडीत पाहिले होते.

पण आधी तिनेच विचारलं. "पोसा कसा आहा?"

"आई इचारते, पोरगा कसा हाय," मीना म्हणाली. "मी तिला सांगितलंय, या साहेबांनी रावजीला पाह्यलाय. पकडतील म्हणून तो सोताचा फोटो पाठवत नाय. आमच्या अख्ख्या पाड्यात त्याला तिकडं पाह्यलेलं कुणी नाय. तुम्ही एकटेच."

म्हातारी पुढे सरकली आणि आपल्या भाषेत भराभर बोलायला लागली. मीना सांगत गेली. "आई म्हणते, वाळला का? खायला मिळतं असं वाटलं का? दाढी ठेवली का? लहान होता तवा त्याला बैलाचं शिंग लागलं व्हतं, इथं." साळूबाईने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "ती खूण अजून दिसते का? लोक म्हणतात, मोठं झालं की जाते."

बाबा तिच्या बोटाकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मला एकदम कळलं की त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. ते फाइलची पानं उलटायला लागले. फाइलमध्ये काय असणार? पेन गोधडीवर पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"दिसते," ते म्हणाले. "थोडी. तब्येत चांगली आहे त्याची. जेवतो व्यवस्थित."

मीनाने ते आईला सांगितलं. साळूबाईने दोन्ही हात कपाळाशी नेले आणि हसली. पुरावा मागितला नाही, परत विचारलं नाही, इतक्या सहज विश्वास ठेवला की मला तिच्याकडे बघवेना. बाबांनी सात प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला. एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना वणी आली. मीना मागच्या सीटवर झोपली होती. बाबा एकदम म्हणाले, "वल्लरी, मला फक्त त्याचे केस दिसले होते. तेल लावून, नीट भांग पाडून आला होता. शाळेत जाताना पाडतात तसा. बाकी मी कागद बघत होतो." आणि ते रडायला लागले. मी गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. मी टाइप करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. आधी हाताने लिहिलं, मग स्कॅन करून पाठवलं. शाळेचा उतारा, पोलीस पाटलाचा दाखला, निघताना घेतलेला साळूबाईचा अंगठा, सगळं जोडलं. पत्रात एक ओळ अशी होती: "अर्जदार खोटे बोलत नव्हता. मी चुकीचे प्रश्न विचारले." ती ओळ लिहायला त्यांना पाऊण तास लागला, असं आई सांगतात. त्यानंतर ते रोज दूतावासात फोन करत. त्यांच्या जागेवर आलेला मनुष्य त्यांना म्हणे, "सर, तुम्ही खरंच गायधनी बोलताय हे कशावरून?" बाबा निमूटपणे नाव, हुद्दा, सेवा क्रमांक सांगत आणि पहिल्यापासून सुरुवात करत.

चार महिने गेले. सुरगाण्याहून पोलीस पाड्यावर जाऊन आले, अहवाल गेला, आणि फाल्गुनात रावजी एकेरी कागदावर मुंबईत उतरून थेट पाड्यावर गेला. आईजवळ आठ दिवस राहिला. मग मीना म्हणाली, तो साहेबांना भेटायला येतोय. मी स्टँडवरून आणते म्हटलं, तर नको म्हणाला, एकटाच येतो म्हणे.

रविवार होता. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसले होते. बेल वाजली तशी मीना हात पुसत स्वयंपाकघरातून धावली, पण बाबा तिच्या आधी दाराशी पोचले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. बाहेरचा माणूस दाराच्या कडीपाशी वाकलेला असणार. दूतावासातल्या जाळीपाशी वाकायची सवय लागलेली.

"कोण?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

बाहेरून पाठ केलेलं म्हणावं तसा आवाज आला. "रावजी पुंजाराम भोये. तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक." थोडा श्वास घेऊन तो पुढे म्हणाला, "सीबीएसवर उतरलो, साहेब. तिथनं रविवार कारंजा. मग होळकर पूल. मालेगाव स्टँडवरनं खाली गेलं की रामकुंड. चालत आलो. बघून आलो."

मीनाने पदर तोंडात धरला. बाबांचा हात कडीवर होता, पण एका हाताने कडी निघेना. मी पुढे झाले, तर त्यांनी मला मानेनेच थांबवलं. दोन्ही हातांनी कडी काढली.

"ये रे, आत ये," ते म्हणाले, आणि त्याने मान वर केली तशी त्यांनी सगळ्यात आधी त्याच्या डाव्या भुवईकडे पाहिलं.

खूण चांगली बोटभर होती. दारातूनही दिसत होती.